टिमकी न वाजवता पुढे जाता येतं का?

दुसरी_पाळी | मंगळवार, रात्री ११:५०

इथे आठ वर्षं आहे, पण बहुतेक वाचनमात्र. पाककृतीच्या धाग्यांवर दोनचार प्रतिसाद दिले असतील, तेवढेच. त्यामुळे धागा काढताना हात जरा थरथरतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी चाकणला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. गाड्यांच्या ब्रेकचे सुटे भाग बनतात. नोकरीला १९ वर्षं झाली, हाताखाली २३ माणसं आहेत. माणसांशी माझं जमतं, पण एका वेळी एकाशी. आठ माणसांच्या खोलीत मला काय म्हणायचंय हे मीटिंग संपून जागेवर परतले की सुचतं. घरी येईपर्यंत तर अख्खं भाषण तयार असतं.

आता मूळ प्रकार. गेल्या वर्षी ग्राहकाकडून तक्रारी यायला लागल्या की मास्टर सिलिंडर गळतोय. उघडून बघितलं की आतलं रबरी सील कापलेलं. म्हणजे कुठेतरी बर (धातूचं कुसळ) राहतोय. आडव्या भोकाच्या कडेला ड्रिलिंगनंतर जी धातूची बारीक कुसळं राहतात ती आम्ही ब्रश फिरवून काढतो, त्या मशिनवर सगळ्यांचा संशय होता. पण जाऊन बघितलं की मशिन ठीक, ब्रश ठीक. तीन आठवडे मीटिंगा झाल्या. प्रॉडक्शन म्हणे सीलच खराब आहे, परचेस म्हणे कास्टिंग बघा.

परत आलेल्या पार्टांवरचे कोड मी वहीत मांडले. जवळजवळ सगळे दुसऱ्या पाळीच्या उत्तरार्धातले निघाले. मग मी सलग चार दिवस रात्री थांबले. मशिनपाशी स्टूल घेऊन बसायचे, कोणाला काही विचारायचं नाही. तिसऱ्या रात्री दहाच्या सुमाराला तिथला ऑपरेटर आपणहून म्हणाला, "मॅडम, ब्रश हजार पार्टला बदलायचा लिहिलंय, पण सहाशेच्या पुढे आवाज बदलतो बघा. आधी खरखर येते, नंतर नुसता सर्र." आम्ही दोघं ऐकत बसलो. खरंच बदलतो. ब्रश डोळ्याला चांगला दिसत होता, पण धार गेलेली. दुसऱ्या दिवसापासून चारशेला ब्रश बदलायला लावला. त्यानंतर त्या कारणाने एकही पार्ट परत आलेला नाही.

महिन्याच्या रिव्ह्यूमध्ये हा विषय स्क्रीनवर आला. प्रॉडक्शनचे साहेब उठले आणि म्हणाले, "वी आयडेंटिफाइड द रूट कॉज अँड क्लोज्ड इट." टाळ्या झाल्या. मी तिथेच बसले होते, समोर बिस्किटांची बशी होती, तिच्याकडे बघत राहिले. वाटलं, 'वी' म्हणजे आपण सगळेच की. कशाला उगाच.

मार्चमध्ये अप्रेझलला साहेबांनी लिहिलं की टेक्निकली स्ट्राँग, टीम खूश, पण व्हिजिबिलिटी कमी. वरची जागा ऑक्टोबरमध्ये रिकामी होतेय. तिथे कोण जाणार हे कँटीनमधल्या पोऱ्यालाही माहीत आहे, आणि ती मी नाही.

सेल्फ अप्रेझलच्या फॉर्ममध्ये 'तुमच्या प्रमुख कामगिऱ्या' असा रकाना आहे. तो मी १९ वर्षांत कधी धड भरलेला नाही. 'आपली आपण करी स्तुती' हे समर्थांनी मूर्खाच्या लक्षणांत घातलंय, ते आमच्या घरी जेवणाच्या ताटावर ऐकवलं जायचं. आता तोच मूर्खपणा एचआर दरवर्षी पाचशे अक्षरांत मागतं.

तर प्रश्न असा. नेटाने काम करत राहायचं, कधीतरी कोणीतरी बघेल म्हणून धीर धरायचा, हे अजून चालतं का? की सरळ टिमकी गळ्यात अडकवायची? व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिराचा सल्ला कृपया देऊ नका. एकदा कंपनीने पाठवलं होतं. आरशासमोर उभं राहून 'मी वाघीण आहे' म्हणायला लावलं.

---

टपरीवरचा_बाक | बुधवार, सकाळी ७:१५

वाघीण वाचून चहा सांडला. :))

आमची आजी म्हणायची, बोलणाऱ्याची बोरं विकली जातात. वाचतोय.

---

सातबारा_उतारा | बुधवार, सकाळी ९:०२

ताई, नमस्कार. मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त. १९८९ ला कनिष्ठ अभियंता म्हणून लागलो, कार्यकारी अभियंता म्हणून बाहेर पडलो. सबंध नोकरीत मी कोणासमोर स्वतःबद्दल चार वाक्यं बोललो नाही. काम चोख ठेवलं, मोजमापपुस्तिका रात्री बसून स्वतः तपासली. जे मिळायचं ते वेळेवर मिळालं, उशिरा मिळालं ते व्याजासकट मिळालं. धीर धरा. पाणी आपली वाट काढतं, हे मी धरणावर डोळ्यांनी बघितलंय.

---

हिशेबी_माणूस | बुधवार, सकाळी ९:४०

साउ काका, आदर आहेच, पण तुमच्याकडे ज्येष्ठता यादी होती. तुम्ही गप्प बसलात तरी यादीतला तुमचा नंबर गप्प बसत नव्हता. वर्षाला गोपनीय अहवाल, वरचा निवृत्त झाला की खालचा सरकला. धीर धरायला आधी रांग लागते. खासगीत रांगच नाही, नुसती गर्दी आहे. तिथे धीर धरून उभं राहिलेल्या माणसाला लोक खांब समजतात.

---

सातबारा_उतारा | बुधवार, सकाळी १०:१०

खांब आवडला. मुद्दा मान्य. पण सरकारातही चांगली साइट आणि अडगळीतली साइट यांतला फरक बोलणाऱ्यालाच कळायचा, हे आता आठवतंय. मी सात वर्षं जिथे होतो तिथे एसटीही दिवसातून दोनदाच यायची.

---

मधली_सुट्टी | बुधवार, दुपारी १:२०

एक फरक करायला हवा, नाहीतर धागा भरकटेल. (मी मानसशास्त्र शिकवते, ज्युनियर कॉलेजला. त्यामुळे खडू हातात आहे असं समजून वाचा.)

मराठीत न बोलणाऱ्या माणसासाठी शब्द किती आहेत बघा. अबोल, मितभाषी, घुमा, भिडस्त, संकोची, मुखदुर्बळ, माणूसघाणा, आतल्या गाठीचा. एकाचा अर्थ दुसऱ्यात नाही. घुम्याच्या मनात काय चाललंय याची घरच्यांना भीती वाटते. भिडस्ताला बोलायचं असतं पण समोरच्याला वाईट वाटेल म्हणून तो थांबतो. मुखदुर्बळाला मुद्दा येतो, शब्द येत नाहीत. आतल्या गाठीचा तर मुद्दामच बोलत नाही. आणि हे सगळे एकत्र करून इंग्रजीत एक इंट्रोव्हर्ट म्हणायचं, की झालं काम.

मानसशास्त्रज्ञ युंगने १९२१ साली अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी मांडली तेव्हा त्याचा रोख बोलण्या-न बोलण्यावर नव्हता. मनाचा ओढा कुठे, आत की बाहेर, असा तो प्रश्न होता. अंतर्मुख माणूस वर्गात उत्तम शिकवू शकतो, नंतर त्याला तासभर एकटं बसायला लागतं एवढंच. मी त्यातलीच.

धागाकर्तीचं वाचून मला वाटतं, त्या अंतर्मुख आहेत ही अडचणच नाही. चार रात्री स्टुलावर बसून ऐकणं हे त्या अंतर्मुख आहेत म्हणूनच जमलं. बशीकडे बघत राहिल्या ती भीड होती. या दोन गोष्टी एकाच माणसात राहतात म्हणून एकच वाटतात. पहिली घालवायची गरज नाही. दुसरी मात्र खर्चिक आहे.

---

उन्हाळी_काकडी | बुधवार, दुपारी ३:३५

आमच्या डोंबिवलीचं उदाहरण देतो, म्हणजे जन्म संगमनेर तालुक्यातला पण वाढला आमच्याकडे. अजिंक्य रहाणे. २०११ च्या अखेरीस कसोटी संघात आला आणि पदार्पण मार्च २०१३ मध्ये. तोवर पाणी नेणं. पदार्पणात ७ आणि १. कोणीही खचला असता. पुढच्या वर्षी लॉर्ड्सला शतक.

आणि ॲडलेड आठवा, डिसेंबर २०२०. ३६ वर डाव आटोपला, कोहली बाळाच्या जन्मासाठी घरी. याच्या हातात संघ आला. मेलबर्नला ११२ काढले आणि जडेजाच्या पन्नाशीसाठी धाव घेताना स्वतः धावचीत झाला, तर जाता जाता जडेजालाच धीर देऊन गेला. आरडाओरडा नाही, शिवीगाळ नाही. १९ जानेवारी २०२१ ला ब्रिस्बेनला मालिका २-१. घरी परतल्यावर लोकांनी कांगारूचा केक आणला तर कापायला नकार दिला. शांत कप्तान कसा असतो ते बघायचं तर ते दोन महिने बघा.

---

टपरीवरचा_बाक | बुधवार, दुपारी ४:००

काकडी, त्याच रहाणेने २०२२ मध्ये मुलाखतीत काय सांगितलं तेही लिही की. ऑस्ट्रेलियात निर्णय मी घेतले, श्रेय दुसऱ्याने घेतलं, असं म्हणाला होता. म्हणजे वर्षभर तेही पोटात ठेवलं होतं. आणि बोलला कधी, तर फॉर्म गेला, उपकप्तानपद गेलं, संघातली जागा जायच्या बेतात. तेव्हा लोक म्हणाले, आता कशाला रडतोय. हीच गोष्ट जानेवारी २०२१ मध्ये हसत हसत सांगितली असती तर?

---

उन्हाळी_काकडी | बुधवार, दुपारी ४:१८

सांगितली असती तर तो रहाणे राहिला नसता. आणि परत आलाच ना? जून २०२३ ला कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात ८९, आपल्याकडून सर्वात जास्त. मार्च २०२४ ला मुंबईला रणजी जिंकून दिली, तीही कप्तान म्हणून.

---

टपरीवरचा_बाक | बुधवार, दुपारी ४:२५

आला. पण भारताचा कायमचा कसोटी कप्तान झाला नाही. मी क्रिकेटवर भांडत नाहीये, वेळेवर भांडतोय. हलकेच घे.

---

पाटावरवंटा | बुधवार, रात्री १०:४०

मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसतो. ताईंच्या धंद्याला लागूनच माझा धंदा, प्लँट सांभाळतो, चाकण नाही, दुसरीकडे. थोडं परखड लिहितोय, राग नसावा.

दरवर्षी माझ्यासमोर तीसएक अप्रेझल येतात. प्रत्येकाला दहा मिनिटं, तीही दोन फोनच्या मधे. त्या दहा मिनिटांत मला जे कागदावर दिसतं आणि जे आठवतं त्यावर माणसाचं वर्ष ठरतं. हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. हे असं आहे. मी मुद्दाम कोणाला डावलत नाही, मला खरंच माहीत नसतं. सहा वर्षांपूर्वी मी एका माणसाला मेंटेनन्सचा हेड केला, सादरीकरण फक्कड करायचा. चार महिन्यांत कळलं की खरं डोकं त्याच्या मागे बसणाऱ्याचं होतं. तोवर मागच्याने राजीनामा दिला होता. जाताना मी विचारलं, कधी बोलला का नाहीस? तर म्हणाला, "सर, तुम्हाला दिसत असेल असं वाटलं." मला नव्हतं दिसलं. मी तेव्हा नवीन पेंट शॉपमध्ये गळ्यापर्यंत बुडालेलो.

दुसरी गोष्ट जरा बोचेल. आमच्यासारख्या कमी बोलणाऱ्यांमध्ये (हो, मीही त्यातलाच) एक लपलेला गर्व असतो. मी सांगणार नाही, तुमचं तुम्ही ओळखा. ओळखलं नाहीत तर तुम्ही नालायक. मी स्वतः दहा वर्षं असा मनातल्या मनात साहेबांची परीक्षा घेत होतो. साहेब दरवर्षी नापास व्हायचे, आणि पगार माझा अडायचा.

आणि तिसरी, ज्यासाठी खरं तर लिहायला बसलो. ताई, आवाज बदलतो हे कोणी ओळखलं? त्या ऑपरेटरने. तुम्ही रिव्ह्यूत बशीकडे बघत राहिलात तेव्हा फक्त तुमचं नाव नाही गेलं, त्याचंही गेलं. तुम्ही तुमच्या वाटणीचं सोडून दिलंत, तो तुमचा मोठेपणा म्हणू. त्याच्या वाटणीचं सोडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला? त्या खोलीत त्याच्या बाजूने बोलू शकणारं दुसरं कोणीच नव्हतं. तो त्या खोलीत येऊच शकत नाही.

हाताखाली २३ माणसं असतील तर स्वतःबद्दल बोलणं ही खासगी बाब राहत नाही हो. तुमची 'व्हिजिबिलिटी' कमी म्हणजे त्या २३ जणांचीही कमी.

---

मधली_सुट्टी | बुधवार, रात्री ११:०५

परखड, पण अनुमोदन.

---

हिशेबी_माणूस | बुधवार, रात्री ११:२२

मला नाही पटलं. पाटावरवंटा साहेब, दहा मिनिटांत माणूस जोखता ही तुमची अडचण, आणि बदलायचं कोणी, तर तिने? सील कुठल्या पाळीत कापलं गेलं हे कोडवरून कळतं. कल्पना कोणाची हे कळायची सोय मात्र कंपनीने केलेली नाही. साहेबाने महिन्यातून एकदा स्टूल घेऊन मशिनपाशी बसावं की. तिने तर बसून दाखवलं.

---

पाटावरवंटा | बुधवार, रात्री ११:३०

तेही खरं. मी बसायला लागलोय, मंगळवारी, पहिल्या पाळीला. पहिले दोन महिने कोणी काही बोललं नाही. मला वाटलं सगळं आलबेल आहे. नंतर कळलं की मी आलो की लाइनवर फोन जायचा, "साहेब निघाले".

---

ओली_भेळ | गुरुवार, सकाळी ८:१०

पुरुषमंडळींनो, एक बाजू राहिलीच. शांत पुरुष म्हणजे 'गंभीर', 'खोल माणूस'. शांत बाई म्हणजे 'सोज्ज्वळ', आणि सोज्ज्वळ बाईला कोणी प्लँट देत नाही. बोलली तर भांडकुदळ. मी बँकेत आहे. शाखा व्यवस्थापक झाल्यावर पहिल्यांदा रिकव्हरीच्या मीटिंगमध्ये आवाज चढवला, तर बाहेर आल्यावर शिपायाला विचारलं गेलं, "मॅडमच्या घरी सगळं ठीक आहे ना?"

त्यामुळे दुसरी_पाळी, तुम्हाला टिमकी वाजवा सांगणाऱ्यांनी हेही सांगावं की तीच टिमकी तुमच्या हातात असली की ताशा ऐकू जातो. यावर माझ्याकडे उपाय नाही. मी फक्त एक केलं. स्वतःबद्दल बोलायचं झालं तर विशेषणं टाकली आणि आकडे ठेवले. 'मी खूप मेहनत घेतली' नाही. 'मार्चअखेर थकीत खाती इतकी होती, जूनअखेर इतकी आहेत, यातल्या इतक्या घरांना मी स्वतः गेले.' आकड्याला कोणी भांडकुदळ म्हणत नाही.

---

बर्फातला_उकडीचा | गुरुवार, दुपारी २:४५

जर्मनीहून. (मोदक, नावावरून ओळखलंच असेल.) इथे आलो तेव्हा मीटिंगमध्ये मी आणि भिंतीवरचं कॅलेंडर सारखेच. जर्मन धड येत नव्हतं, इंग्रजीत बोलायला लागलो तर वाक्य पूर्ण होईतो विषय पुढे गेलेला असायचा.

मग मी एक काम मागून घेतलं, जे कोणालाच नको असतं. मीटिंगचा वृत्तांत लिहायचं. इथे त्याला प्रोटोकॉल म्हणतात. कोण काय म्हणालं, काय ठरलं, कोणी कधीपर्यंत करायचं. दोन गोष्टी झाल्या. एक, लिहिणाऱ्याला थांबवून विचारायचा हक्क असतो, "हे नक्की कोणी करायचं ठरलं?" असं विचारायला हिंमत लागत नाही, ते कामच आहे. दोन, मीटिंग संपल्यावर जागेवर गेलं की मला जे सुचायचं ते मी वृत्तांताच्या खाली 'माझी टिपणी' म्हणून दोन ओळींत घालायला लागलो. चौथ्या-पाचव्या वेळेपासून लोक खालची टिपणी आधी वाचायला लागले. आमच्या बॉसने तर एकदा मीटिंगमध्येच म्हटलं की यावर निर्णय नको, उद्या टिपणी येऊ दे.

दुसरी_पाळी, तुम्ही लिहिलंय की घरी येईपर्यंत भाषण तयार असतं. मग ते घरी कशाला नेता? ऑफिसातच पाठवून मोकळ्या व्हा. तुमचा हा धागाच बघा, सुरुवातीला हात थरथरतोय म्हणालात आणि खरखर आणि सर्र असं लिहिलंत की मला इथे बसून ब्रश ऐकू आला.

---

उन्हाळी_काकडी | गुरुवार, दुपारी ३:१०

लिहून बोलणारा म्हटलं की मनमोहन सिंग. मुखदुर्बळ म्हणून आयुष्यभर हेटाळणी झाली, पण २४ जुलै १९९१ चं अर्थसंकल्पाचं भाषण अजून लोक उद्धृत करतात. शेवटी व्हिक्टर ह्यूगोचा आधार घेतला होता, वेळ आलेल्या विचाराला कोणी थांबवू शकत नाही म्हणून.

---

टपरीवरचा_बाक | गुरुवार, दुपारी ३:१६

आणि ऑगस्ट २०१२ ला कोळशावरून गदारोळ चालू असताना संसदेबाहेर शेर ऐकवला, हजार उत्तरांपेक्षा माझं मौन बरं अशा अर्थाचा. एकाच माणसाच्या दोन गोष्टी. पहिल्या वेळी मौनामागे भाषण तयार होतं, दुसऱ्या वेळी नुसतं मौन. लोकांनी दोन्हींचा हिशेब वेगवेगळा मांडला.

---

मधली_सुट्टी | गुरुवार, दुपारी ३:२०

राजकारण नको. धाग्याला कुलूप लागेल.

---

दुसरी_पाळी | गुरुवार, रात्री ११:५५

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. एकेकाला उत्तर द्यायला हवं पण मला जमत नाही, तेच तर रडगाणं आहे.

पाटावरवंटा, काल तुमचं वाचून आधी राग आला. फोन बंद करून ठेवला. मग झोप लागली नाही. तो मुलगा कॉन्ट्रॅक्टवर आहे. दर सात महिन्यांनी त्याचा पास बदलतो. मी माझ्यापुरता विचार करत होते, मला श्रेय नको म्हणून मी किती साधी. त्याला हवं आहे का हे मी विचारलंच नाही. १९ वर्षांत मी असं किती जणांचं बिस्किटांच्या बशीत ठेवून दिलं असेल याची यादी करायला लागले आणि सातव्या नावाला थांबले.

मीटिंग पुढच्या महिन्याच्या ५ तारखेला आहे. बघते.

---

सातबारा_उतारा | शुक्रवार, सकाळी ६:३०

ताई, एक सुचवू? ५ तारखेला बोलायचं असेल तर ४ तारखेला ज्यांच्यासमोर बोलायचं त्यातल्या एकाला तरी आधी भेटून सांगा. एका वेळी एकाशी तुमचं जमतं असं तुम्हीच म्हणालात. मी ग्रामसभेला जायच्या आधी नेहमी गावातल्या एका म्हाताऱ्याकडे चहा घ्यायचो. सभेत तोच म्हणायचा, "साहेब काय म्हणतात ते ऐका जरा."

---

हिशेबी_माणूस | शुक्रवार, सकाळी ९:१५

साउ काका, आयुष्यभर स्वतःबद्दल चार वाक्यं बोललो नाही म्हणालात. ही तर अख्खी लॉबी चालवत होतात. :))

---

दुसरी_पाळी | तीन आठवड्यांनी, शनिवार, दुपारी ४:०५

सांगायचं राहून गेलं होतं.

४ तारखेला फायनान्सच्या साहेबांकडे गेले. ते मुळात आकड्यांचे, कमी बोलणारे. त्यांना वही दाखवली. कोड, पाळी, ब्रशची संख्या. ते म्हणाले, "हे तुम्ही केलं? मला वाटलं प्रॉडक्शनने." मी म्हटलं, "मी आणि एका ऑपरेटरने." एवढंच.

५ तारखेला मीटिंगमध्ये ग्राहक तक्रारींची पाटी आली. मी हात वर केला. हात वर करायची गरज नसते तिथे, सगळे नुसते बोलतात, पण मला तसंच जमतं. कागदावर दोन वाक्यं लिहून नेली होती, ती वाचली. ब्रशचा आवाज सहाशे पार्टनंतर बदलतो हे अमुक ऑपरेटरने ओळखलं, त्यावरून आम्ही चारशेची मर्यादा घातली, तेव्हापासून परतावा शून्य. त्याचं पूर्ण नाव घेतलं. आवाज कापत होता, 'शून्य' म्हणताना तर फाटलाच. प्रॉडक्शनचे साहेब म्हणाले, "हो हो, टीमवर्क." फायनान्सच्या साहेबांनी विचारलं, "त्या मुलाला काही दिलं का आपण?" कोणीच काही बोललं नाही. मग ठरलं की कायझेनचं (कामातल्या सुधारणेचं) बक्षीस द्यायचं आणि फलकावर नाव लावायचं.

फलक लागला सोमवारी. मंगळवारी दुसऱ्या पाळीला तो मुलगा माझ्या केबिनच्या दारात उभा. आधी पाणी प्यायला आल्यासारखं केलं, मग म्हणाला, "मॅडम, आडनाव चुकलंय." खरंच चुकलं होतं, एक अक्षर गाळलेलं. "राहू द्या, एवढं काही नाही," म्हणाला आणि निघाला. मला अगदी आरशात बघितल्यासारखं झालं. त्याला थांबवलं, तिथूनच एचआरला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं, पुढच्या महिन्यात दुरुस्त करू. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण बाहेर बसलेल्या दोघांनी माना वळवून बघितलं. तासाभरात नवा कागद लागला.

सेल्फ अप्रेझलचा रकाना पण भरला. ओली_भेळ, विशेषणं टाकली, फक्त आकडे आणि नावं. पाचशे अक्षरं पुरली नाहीत, जोडपत्र लावलं.

---

ओली_भेळ | शनिवार, दुपारी ४:३०

जोडपत्र! आता साहेबांची दहा मिनिटं पुरायची नाहीत.

---

टपरीवरचा_बाक | शनिवार, संध्याकाळी ६:१०

ऑक्टोबरच्या जागेचं काय?

---

दुसरी_पाळी | शनिवार, रात्री ९:४०

कँटीनमधल्या पोऱ्याचं मत अजून बदललेलं नाही. :) मी अर्ज मात्र दिलाय. याआधी कधी दिला नव्हता, बोलावतील म्हणून थांबत होते.

---

पाटावरवंटा | शनिवार, रात्री १०:०५

निकाल लागला की कळवा. आणि एक धंद्याचं विचारतो. ब्रश अजून चारशेलाच बदलता ना? आमच्याकडे असं काही ठरलं की दोन महिन्यांत हळूच पुन्हा हजारावर जातं.

---

दुसरी_पाळी | शनिवार, रात्री १०:१२

चारशेलाच. काउंटर बसवलाय, चारशे झाले की मशिनच थांबतं.